कोट छातीत का अडला, त्याचा खुलासा

॥ श्री ॥

सीताबर्डी, नागपूर
रविवार, ता. १९ नोव्हेंबर १९७८

श्रीयुत बाबारावजी यांचे सेवेशी,

धाकटा साडू मनोहर याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हातात लेखणी आहे, तरी जोडले असे समजून घ्यावे.) आपला डावा गुडघा कसा आहे? उमरेडला थंडी पडल्याची बातमी पहिल्यांदा त्यालाच कळते, म्हणून आधी त्याची विचारपूस. रुखमाबाईंची तब्येत, विणकर सोसायटीतली आपली खुर्ची आणि तिच्या चौथ्या पायाखाली घातलेली वीट, सगळे जागच्या जागी असेल अशी आशा करतो. इकडे गोपिका ठीक आहे. मीही ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. नेहमीसारखे कार्ड न टाकता बंद पाकीट पाठवतो आहे, त्याने घाबरू नये, कोणी गेलेले नाही. पण तुमच्या गल्लीत कार्ड पोचायच्या आधी मजकूर पोचतो, आणि हा मजकूर पोचण्यासारखा नाही. वाचायला बसण्यापूर्वी दाराला कडी लावावी.

परवा तुमच्या सोसायटीचा माणूस लुगड्यांचे गठ्ठे घेऊन बर्डीवर आला होता. त्याच्याबरोबर रुखमाबाईंचा निरोप मिळाला, की मी शिवून पाठवलेला कोट पोटावर ढगळ होतो आणि छातीवर त्याचे बटण काही केल्या लागत नाही. ऐकून मान खाली गेली. तीस वर्षे मी कात्री धरतो आहे. आजवर माझ्या हातचा सदरा गिऱ्हाइकाच्या अंगावर हसला नाही, आणि साडूचा कोट, तोही सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या शेजारी बसायचा, तो असा निघावा. क्षमा मागायची ती नुसती मागता येत नाही, कारण सांगावे लागते. कारण सांगायचे तर चैत्रापर्यंत मागे जावे लागते. कंटाळू नये.

फाल्गुनात आमचे थोरले बंधू दादा गेले ते तुम्हाला माहीतच आहे. त्रेपन्न वर्षांचा माणूस, कटिंगच्या टेबलापाशी उभा, एका पँटची आखणी चाललेली, आणि खडू हातातच राहिला. तेराव्याला तुम्हीच मला बाजूला घेऊन म्हणालात, की आपण दोघेही पन्नाशीच्या पुढचे, एकदा हृदय दाखवून घेऊ. आपण दोघे धंतोलीत उमाठे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त काढले, आणि चार दिवसांनी कोलेस्टेरॉल नावाच्या पदार्थाचे आकडे सांगितले. तुमचे दोनशे ब्याऐंशी आणि माझे तीनशे दहा. (खरे सांगतो, क्षणभर मला बरे वाटले होते. आपल्या सासुरवाडीत आजवर कोणत्याही बाबतीत माझा आकडा तुमच्या वर गेला नव्हता.) मग डॉक्टरांनी दोघांनाही एकच गोळी लिहून दिली, तिन्ही वेळ, आणि तांबडा रस्सा, तर्री, अंड्यातला पिवळा बलक, तूप, सगळे बंद केले. त्या दिवसापासून गोपिकेने मला जे वरण वाढले, त्यात ताटाची नक्षी दिसते.

श्रावणापर्यंत सर्व सुरळीत चालले. कंबर पस्तीसची तेहतीस झाली. मी आरशासमोर जरा जास्त उभा राहू लागलो. मग एक दिवस गळ्यात टाकलेल्या इंचटेपचे टोक छातीला लागले आणि दुखले. मला वाटले, टेपचे पितळ टोचले असेल. मग बंडी लागू लागली, मग बस खड्ड्यातून गेली की दुखू लागले, मग तर अंगाला साबण लावतानाही मी दोन जागा चुकवून लावू लागलो. आणि त्या जागी हाताला काही तरी लागत होते. सुपारीएवढे, दोन्ही बाजूंना. बाबारावजी, तुम्ही शहाणे आहात, याहून उघड मला लिहायला लावू नका.

घटस्थापनेच्या दिवशी दुकानात कोणी नाही असे पाहून मी स्वतःची छाती मोजली. लग्नात छत्तीस होती आणि सत्तावीस वर्षे छत्तीसच होती. ती अडतीस भरली. आता इथे शिंप्याची बुद्धी कशी चालते पाहा. कोरे कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावू नये, हे आम्हाला अक्षर ओळखण्याआधी शिकवतात, कारण कापड आटते. आणि भाद्रपदात माझी टेप कापड भिजवायच्या बादलीत पडली होती. तेव्हा छाती वाढलेली नाही, टेप आटली आहे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकले आणि मला फार हलके वाटले. (हीच टेप कंबर तेहतीस दाखवत होती. कंबरेच्या बाबतीत ती बरोबर होती. ती फक्त छातीपुरती आटली होती. असे एखाद्या गिऱ्हाइकाने मला सांगितले असते तर मी त्याला पाणी पाजून घरी पाठवले असते.)

तुम्ही विचाराल की दुकानात मापाचा लोखंडी गज नाही का. आहे. टेबलाच्या कडेला, हात लांब केला की सापडेल असा, आमच्या वडिलांच्या वेळचा. टेप त्याच्यावर धरायला एका क्षणाचे काम होते. दीड महिना मी ते काम केले नाही. गज काय सांगेल ते मला ठाऊक होते, म्हणून केले नाही. माणूस खोटे बोलतो तेव्हा आधी खरे कुठे ठेवले आहे ते नीट पाहून ठेवतो, मग तिकडे जात नाही.

तर दीड महिना मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या छातीतून दोन इंच वजा करून कापड बेतले. दिवाळीचे दिवस, कामाचा रगाडा. या दिवाळीत बर्डीवरचे निम्मे पुरुष श्वास अर्धा घेऊन फिरत होते. लोक तक्रार घेऊन आले की मी शिवण उसवून देत होतो आणि धुताना कापड आटले असे सांगत होतो. ज्यांनी अजून धुतलेच नव्हते त्यांनाही तेच सांगितले. पण कापडाचे व्यापारी रामाजी यांच्या रवींद्राचा नवरदेवाचा सूट, त्याला मी काय सांगणार? तुळशीचे लग्न लागले आणि तिसऱ्या दिवशी त्याचे. हार घालायला त्याने हात वर केले, तसे कोटाचे मधले बटण सुटले ते भटजींच्या पळीत. पोराने उरलेले सगळे विधी दोन्ही हात छातीशी धरून केले. मुलीकडच्यांना वाटले, मुलगा फार विनयशील आहे.

परवा सकाळी रामाजी स्वतः दुकानात आले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरे झाले असते. माझ्या गळ्यातली टेप काढून त्यांनी गजावर धरली. तंतोतंत. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "काहून असं केलं जी, मास्तर? तब्येत तर बरी आहे ना तुमची?" मी म्हटले, डोळ्यांत मोतीबिंदू आला आहे. का म्हटले कोण जाणे. डोळा हा अवयव मला त्या वेळी फार इभ्रतीचा वाटला. आता साऱ्या बर्डीला माझ्या मोतीबिंदूची काळजी आहे. समोरच्या चष्मेवाल्याने नमस्काराची पद्धत बदलली आहे, तो आता माझ्यासमोर बोटे धरून किती आहेत ते विचारतो. गोपिका कालपासून सकाळी गाजराचा रस देते आणि मी तो तिच्या चेहऱ्याकडे न पाहता पितो. तिला वाटते, दिसत नाही म्हणून.

गोपिकेबद्दल लिहायचे टाळत होतो, पण त्याशिवाय हे पत्र पुरे होत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे ती मला तेल लावते आणि मग ओवाळते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालत आले आहे. वर्षभर आम्ही कसेही भांडलो तरी त्या सकाळी मी पाटावर उघडा बसतो आणि ती खांद्यापासून सुरुवात करते. यंदा तिने आदल्या दिवशीच उटणे आणून ठेवले होते. मी ती उठायच्या आधी उठलो, थंड पाण्याचे दोन तांबे अंगावर घेतले आणि बंडी घालून, वरून सदरा घालून बसलो. म्हणालो, गिऱ्हाईक यायचे आहे. पाडव्याच्या दिवशी, दुकान बंद असताना. ती तेलाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. थोड्या वेळाने वाटी परत आत नेली. तेव्हापासून ती माझ्याशी चांगले बोलते, जसे पाहुण्याशी बोलतात तसे. संसारातला जो दुसरा विषय, तोही चार महिने बंद आहे. भांडणाने नव्हे. मनातच येत नाही. पूर्वी यायचे, हे आठवते फक्त. आधी मला वाटले वय झाले. मग त्या पाडव्याच्याच रात्री गोळीची बाटली हातात घेऊन बसलो आणि विचार केला, की चैत्रापासून माझ्या शरीरात नवे असे एवढेच एक गेले आहे.

तेव्हापासून, म्हणजे त्याच पाडव्यापासून, मी गोळी घेतलेली नाही. डॉक्टरांना सांगितले नाही, घरी सांगितले नाही. गोपिका गोळ्या मोजते, म्हणून प्रत्येक गोळी वेळच्या वेळी बाटलीतून निघते आणि तुळशीच्या कुंडीत जाते. (यंदा आम्ही जिचे लग्न लावले, तिचे कोलेस्टेरॉल पुष्कळ उतरलेले असले पाहिजे.) आता रोज कटिंगच्या टेबलापाशी उभा राहतो, खडू उचलतो, आणि दादा आठवतात. गोळी घेतली तर हे असे, नाही घेतली तर ते तसे. मला मरायची भीती वाटते, बाबारावजी, आणि लाजही वाटते, आणि दोन्हींत लाज जड पडते आहे, याची मला जास्त भीती वाटते.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पाहिली आहे. कंबर मोजताना खरा श्वास सोडून उभा राहिलेला पुरुष मी पाहिला नाही. वकील, मास्तर, कुस्तीगीर, सगळे टेप आली की पोट आत ओढतात. मी त्यांना हसत आलो. घरी जाऊन तो सदरा घालायचा त्यांनाच आहे, मला कशाला फसवतात, असे मनात म्हणत आलो. आणि उमाठे डॉक्टरांनी मला दर महिन्याला विचारले, मास्तर, काही त्रास, आणि मी दर महिन्याला म्हणालो, काही नाही जी, फर्स्टक्लास.

असो. कोट परत पाठवावा, छाती सोडून देतो. चूक माझी आहे. रुखमाबाईंना नमस्कार. गुडघ्याला मोहाचे तेल लावत जावे. लोभ आहेच, तो कोटाच्या बटणावर अवलंबून नसावा ही विनंती.

आपला
मनोहर

ता. क. मूळ गोष्ट लिहायची राहिली. येत्या गुरुवारी सकाळच्या एस. टी.ने तुम्ही नागपूरला यावे. आपण दोघे उमाठे डॉक्टरांकडे जाऊ, आणि मी वर जो त्रास लिहिला आहे तो तुम्हाला होतो असे तुम्ही सांगावे. मी शेजारी बसून ऐकेन आणि औषध समजून घेईन. तुम्हाला इथे कोणी ओळखत नाही, तुम्ही लगेच दुपारच्या गाडीने परत जाल, मला मात्र याच बर्डीवर लोकांची मापे घ्यायची आहेत. शिवाय गणेशोत्सवात तुम्ही नाटकांत कामे करत होता. सदरा काढायला सांगितला तर थंडी वाजते म्हणावे.

ता. क. दुसरी. वरची सूचना वाचून रागावला असाल तर पुढचे वाचावे. तुमचा कोट मी त्या टेपने बेतलेला नाही. गुडघ्यामुळे तुम्ही आला नव्हता, कापड पाठवले होते. मी माप वहीतून घेतले, दोन वर्षांपूर्वी तुमच्या प्रेमलतेच्या लग्नात घेतलेले. वहीतल्या आकड्यातून मी काहीही वजा केलेले नाही. तुमचा कोट बरोबर आहे. तो पोटावर ढगळ का, हे मला कळते, तुमचेही वरण पातळ झाले असणार. छातीवर का लागत नाही, हेही मला कळते. वर चार पाने मी क्षमा मागत बसलो ती यासाठी, की तुम्ही कडी लावून इथपर्यंत वाचावे. एकटा माणूस हे कुणाला सांगू शकत नाही. दोघे असलो तर निदान डॉक्टरांच्या पायऱ्या चढता येतील. नुसते होय किंवा नाही एवढेच कार्डावर लिहून पाठवा, खाली सही नको.

ता. क. तिसरी, मंगळवार. पाकीट बंद करायला खळ मागितली, तर गोपिका म्हणाली, एवढं जाडजूड पत्र कोणाले लिहून राहिले? मी सांगू शकलो असतो की कोटाबद्दल आहे. सांगितले नाही. पत्रच तिच्या हातात दिले आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. ती बराच वेळ वाचत होती. पत्रातल्या तुळशीपाशी पोचली तेव्हा हसल्याचा आवाज आला, नंतर फक्त पाने उलटल्याचा. मग पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, चला धंतोलीत, मी बोलतो.

तिनेच सगळे सांगितले. मी सदरा काढला. उमाठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तपासून सांगितले की या गोळीने काही पुरुषांना असे होते असे लिहिलेले आहे, पण पुष्कळांना होत नाही, आणि माझे गोळीनेच झाले असे आज छातीठोक सांगता येत नाही. (हा शब्द त्यांनी वापरला, माझा नाही.) पुरुषाला पुरुष ठेवणारे जे रस अंगात असतात, ते शरीर ह्याच कोलेस्टेरॉलपासून बनवते म्हणे. एकाच ताग्यातून कोटही निघतो आणि आतले अस्तरही निघते, असे मी समजून घेतले. पण गोळी नेमकी कुठे बिघडवते हे त्यांनाही पक्के ठाऊक नाही, आणि तसे ते मोकळेपणी म्हणाले. परस्पर गोळी टाकल्याबद्दल मात्र असे बोलले, की दादांनंतर मला कोणी तसे बोलले नव्हते. रक्त परत काढले आहे, हृदयाचा आलेखही काढला. दोन महिने ही गोळी बंद, पथ्य चालू, दर पंधरा दिवसांनी दाखवायचे, आणि सूज उतरते का पाहायचे. हे माझ्यापुरते आहे. तुम्ही मात्र माझ्यासारखी आपल्या मनाने बंद करू नये, त्यांना विचारून काय ते करावे. त्यांनी तुमचे नाव घेऊन विचारले, उमरेडच्या साडूंना काही त्रास? मी म्हणालो, ते गुरुवारी येणार आहेत.

निघताना डॉक्टरांनी गोपिकेला विचारले, चार महिने हे असे चालले होते, तर तुम्ही यांना काही विचारले कसे नाही. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणाली, "कशी विचारू जी? मले वाटलं, मीच आता म्हातारी दिसून राहिली. यांचा काय दोष."

बाबारावजी, गुरुवारी या, कार्डाची मला आता गरज नाही. पण हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी, बसचे तिकीट काढायच्याही आधी, रुखमाबाईंना जवळ बसवून सगळे सांगा. कोट छातीत अडतो हे त्यांनी स्वतः मला कळवले आहे, म्हणजे त्या तुमच्याकडे पाहतात. त्यांनी मनात काय समजून घेतले असेल, ते तुम्ही अजून विचारलेले नाही.